परदेशात शिकायला गेलेल्या नागपुरी पोराची कादंबरी: त्याला बावळट न करता हसू कुठून आणायचं?

अंबाझरीकर

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा लांबलचक आहे, पण सगळं सांगितल्याशिवाय विचारता येणार नाही.

मी नागपूरची. शाळा, इंजिनीअरिंग सगळं इथेच. मास्टर्स मात्र जर्मनीत, माग्डेबुर्गला. परत येऊन आता इथल्या एका कॉलेजात शिकवते आणि रात्री जेवणं आटोपली की एक विनोदी कादंबरी लिहीत बसते. निम्म्याच्या पुढे गेली आहे. नायक महालातल्या जुन्या वाड्यात वाढलेला. वडील इतवारीत किराण्याच्या ठोक दुकानात हिशेब लिहितात, आई शिवणकाम करते, पोरगा मेकॅनिकल झाला आहे. तोही माग्डेबुर्गलाच जातो, कारण ते गाव मला गल्लीबोळांसकट ठाऊक आहे. एल्ब नदी, ट्राम, हुंडर्टवासर या चित्रकाराच्या आराखड्यावर बांधलेली ती गुलाबी इमारत, हिवाळ्यात दुपारी चारलाच पडणारा अंधार.

हस्तलिखित ज्यांना वाचायला दिलं, त्यांच्यापैकी बऱ्याच जणांचा सल्ला एकच: पोरगा जरा बावळट कर. इंग्रजी मोडकंतोडकं ठेव. डोक्याला तेल थापून विमानात बसव, गोऱ्या मुलीसमोर ततपप होऊ दे, संडासात पाणी नाही हे पाहून त्याची तंतरू दे. लोक पोट धरून हसतील.

हसतील, हे मलाही कळतं. पण जे पोरगं खरंच जातं ते मी रोज वर्गात बघते. जायच्या आधी त्याला काय काय करावं लागतं? जर्मनीच्या व्हिसाआधी एपीएस या जर्मन कार्यालयाकडून शिक्षणाची कागदपत्रं तपासून घ्यायची. ब्लॉक खात्यात वर्षाच्या खर्चाचे ११,९०४ युरो भरून दाखवायचे, त्यातून महिन्याला फक्त ९९२ हातात येतात. त्यासाठी कर्ज, कर्जासाठी तारण, तारणासाठी काकांची सही, सहीसाठी काकूंची समजूत. हे सगळं एकवीस-बावीस वर्षांच्या पोरानं एकट्यानं निस्तरलेलं असतं, कारण घरात आधी कोणी गेलेलंच नसतं. सोनेगावच्या विमानतळावर दोह्याचं विमान पकडेपर्यंत इतका हुशार असलेला मुलगा उतरल्याबरोबर मूर्ख कसा होईल? माझ्या हातून ते लिहिलंच जात नाही.

म्हणून मी दुसरीकडे हसू शोधते आहे. काही जागा सापडल्यात, त्या सांगते.

जर्मनीत गुणांची शिडी उलटी असते. १.० सगळ्यात वरचा, ४.० म्हणजे जेमतेम पास, ५.० नापास. माझ्या नायकाला पहिल्या परीक्षेत १.३ मिळतात. तो आनंदानं घरच्या ग्रुपवर टाकतो. वडील विचारतात, कितीपैकी? तो म्हणतो, पाचपैकी, पण बाबा इथे एक म्हणजे सगळ्यात चांगला. वडिलांना ते पटतं. पण त्यांचा जन्म आकडे जुळवण्यात गेलेला, दुकानात मालकाला सांगायचं कसं? मालक म्हणतात, 'होईल, पुढच्या वेळी होईल.' त्याच आठवड्यात पलीकडच्या गल्लीतल्या, त्याच विद्यापीठात गेलेल्या पोराला ३.७ मिळतात आणि त्याची आई वाडाभर पेढे वाटते. वडील पेढा घेतात, हातात धरून उभे राहतात आणि म्हणतात, 'हुशार आहे हो तुमचा मुलगा.' खरं काय ते त्या सगळ्या गर्दीत फक्त त्यांना माहीत आहे. हा माझा आवडता प्रसंग आहे.

दुसरी जागा वाढदिवसाची. तिकडे वाढदिवसाच्या आधी शुभेच्छा देणं अशुभ मानतात. आणि आपली आई? रात्री बाराच्या ठोक्याला फोन करणार. मुलाचा वाढदिवस जानेवारीत, म्हणजे तिथे आदल्या दिवशीचे साडेसात वाजलेले. आई स्पीकरवर गाणं म्हणते आणि स्वयंपाकघरात बसलेली त्याची फ्लॅटमेट टेबलावर तीनदा टकटक करून अशुभ टाळायला बघते. आईला वाटतं, पोरगी ताल धरते आहे. मग दुसऱ्या दिवशी इन्स्टिट्यूटमध्ये सगळे त्याच्याकडे बघत बसतात, कारण तिथे ज्याचा वाढदिवस त्यानंच केक आणायचा. हा वाट बघतो की कोणीतरी आणेल. चार वाजेपर्यंत दोन्हीकडे भूक.

आणि तिसरी, जी मी अजून घोटते आहे. जुलैमधली उष्णतेची लाट. होस्टेलच्या खोल्यांत पंखा नसतो, घरं ऊब धरून ठेवायला बांधलेली. पारा ३८ वर जातो आणि सगळा मजला भर दुपारी खिडक्या सताड उघड्या टाकून हाश्शहुश्श करत बसतो. पोरगा नागपूरचा! सकाळी आठला तो प्रत्येक खोलीत जाऊन खिडक्या बंद करतो, पडदे ओढतो. संध्याकाळी वारा सुटला की सगळ्यांच्या चादरी न्हाणीत भिजवतो, पिळतो, खिडक्यांत टांगतो आणि समोरासमोरची दारं उघडून हवा खेळती करतो. कैरी नाही म्हणून आंबट हिरव्या सफरचंदांचं पन्हं करतो, गूळ नाही म्हणून उसाची तपकिरी साखर, पण जिरं नि काळं मीठ त्याच्या डब्यात आहेच. शेवटी खिशात कांदा. लू लागू नये म्हणून आमची आजी आम्हाला शाळेत जाताना द्यायची तसा. तिसऱ्या दिवशी त्याचे प्रोफेसर, एरवी मिनिटाचाही उशीर न खपवणारे, इस्त्रीच्या शर्टाच्या खिशात लाल कांदा घेऊन व्याख्यानाला उभे राहतात. वर्गात कोणी हसत नाही, कारण निम्म्या वर्गाच्या खिशात तेच आहे.

गोष्ट कोणत्या वर्षी घडते ते अजून पक्कं नाही. २०१९चा मोह होतो, कारण त्या वर्षी २५ जुलैला जर्मनीत ४१.२ अंशांचा उच्चांक नोंदवला गेला. आपल्याकडे तो एप्रिलचा आकडा.

फोडणीच्या धुरानं अलार्म वाजतो आणि अग्निशमनवाले येतात, हा प्रसंग मी काढून टाकला. खरा आहे, पण प्रत्येकानं लिहून झालेला.

तर माझं विचारणं असं. तुम्ही स्वतः शिकायला गेला असाल किंवा तुमचं कोणी गेलं असेल, तर पोरगं शहाणं असूनही हसू आलं असे प्रसंग सांगाल का? आणि घरची माणसं नागपुरी बोलतील हे ठरलंय, पण सांगणाऱ्याची भाषा कोणती ठेवू? पुण्या-मुंबईच्या वाचकाला अडेल का?

कोलनवासी

ताई, कांदेवाल्या प्रोफेसरावर मी ट्राममध्ये एकटाच हसलो, शेजारची आजी उठून दुसरीकडे बसली. मीही नागपूरचाच, त्रिमूर्तीनगर. इथे जर्मनीत, कोलनला नोकरी करतो, त्याआधी इथेच शिकलो.

तुमच्याकडे टपालपेटी आली का? नसेल तर घ्याच. इथे इमारतीत फ्लॅटला नंबर नसतो, टपाल येतं ते पेटीवरच्या नावावर. पेटीवर नाव नसेल तर पत्र सरळ परत. आणि सुरुवातीला सगळं पत्रानंच येतं: बँकेचं कार्ड एका पाकिटात, पिन दुसऱ्या, विम्याचे कागद तिसऱ्या. माझं आडनाव रोमन लिपीत तेरा अक्षरांचं, पेटीवरची पट्टी आठ-नऊ अक्षरांत भरायची. घरमालकांनी ते आपल्या मर्जीनं मध्येच कापलं. कार्ड आलं, पिन परत गेला. मग मी पेटीवर कागद चिकटवून पूर्ण आडनाव लिहिलं, वाऱ्यानं त्याचा शेवट फाटला, नि विम्याच्या कागदांनीही पिनचीच वाट धरली. पोस्टमन काका शेवटी स्वतः बेल वाजवून वर आले. त्यांनी आडनाव माझ्याकडून तीनदा म्हणवून घेतलं, वहीत लिहिलं आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच्या घरून छापून आणलेली पट्टी लावून गेले. अजून तीच पट्टी आहे. यात कोणीच मूर्ख नाही, बघा. पेटी लहान आहे, एवढंच.

आता एक कामाची गोष्ट. तुमच्या पोराच्या बॅगेत आई काय भरते? तूप किंवा संत्रा बर्फी असेल तर सांभाळा. युरोपियन युनियनमध्ये बाहेरून येताना दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणता येत नाहीत. तूप, खवा, पेढे, बर्फी सगळं त्यात येतं. पापड, कुरड्या, मसाला, लोणचं जातं. म्हणजे आईनं सगळ्यात जिवापाड जपून, कपड्यांच्या मधोमध गुंडाळलेली वस्तूच नेमकी चालत नाही, आणि जे ती 'राहू दे रे, उगाच वजन' म्हणून बाहेर काढत होती ते चालतं. तुम्हाला लिहायला याहून चांगलं काय हवं?

आणि मारबत कुठे आहे? महालातलं पोरगं नि मारबत नाही, असं होऊच शकत नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी नि पिवळी मारबत, म्हणजे मोठाले पुतळे, मिरवत निघतात, बडगेही निघतात, 'इडा पिडा घेऊन जा गे मारबत' म्हणत सगळं जाळून येतात. माझ्या जर्मन मित्रांना मी भीत भीत सांगितलं, म्हटलं यांना हे काय कळणार. ते म्हणाले, हो, आमच्याकडेही असतो. इथे कोलनच्या कार्निव्हलमध्ये दारूच्या गुत्त्यांवर गवताचा बाहुला टांगतात, नुबेल म्हणतात त्याला. शेवटच्या रात्री, म्हणजे ख्रिश्चनांचे उपास सुरू होतात त्या राखेच्या बुधवाराच्या आधी, वर्षभराचं सगळं पाप त्याच्या माथी मारतात. तुझे पैसे कोणी उडवले? नुबेलनं! मग जाळतात. मी तिथे उभा राहून गळा काढून मराठीत ओरडलो, आजूबाजूचे माझ्या मागे ओरडायला लागले. 'घेऊन जा गे मारबत' कोलनच्या गल्लीत दुमदुमलं. हे तुमच्या पुस्तकात वापरा, माझ्याकडून भेट.

कोथरूडकर

तुमचं मनापासून पटतं, तरी एक उलट बाजू मांडतो. भोळा नायक इतक्या सहज टाकून देऊ नका. आपल्या तमाशात सोंगाड्या काय करतो? राजासमोर भाबडा चेहरा करून असा प्रश्न विचारतो की राजाच उघडा पडतो. परदेशात गेलेल्या मुलाची गंमत तीच आहे. तिथले लोक ज्या गोष्टी जन्मापासून गृहीत धरतात, त्या तो पहिल्यांदा बघतो. त्याला सगळंच माहीत असेल तर त्या समाजाकडे बघायचं कोणाच्या डोळ्यांनी?

तुमचे पहिले तीन प्रसंग सुंदर आहेत, पण त्यांत जर्मनी फारशी उघडी पडत नाही. मुलगा तिथे जाऊन लोकांना वाचवतो आणि घरचे लोक गोंधळतात. एखाद्या ठिकाणी तिथल्या नियमांची फिरकीही घ्या ना.

भाषेबद्दल: निवेदन नागपुरी ठेवलंत तरी मला अडणार नाही. वाचक पहिल्या दहा पानांत कान लावतो, पुढे आपोआप ऐकू येतं.

अंबाझरीकर

कोलनवासी, मारबत घेतली! जीव ओवाळून टाकावा असं दिलंत. पोस्टमन काकाही घेते, आणि बर्फीचं तर प्रकरणच करते.

कोथरूडकर, सोंगाड्याचं उदाहरण नेमकं आहे आणि म्हणूनच मला बळ आलं. सोंगाड्या आतून राजाहून तेज असतो, प्रेक्षकाला ते आधीच ठाऊक असतं. माझी तक्रार त्या भाबडेपणाबद्दल आहे जिथे वाचक पोराच्या वर उभा राहून खाली बघत हसतो. तुमचं म्हणणं मान्य करून एक प्रसंग इथल्या इथे सुचला तो लिहिते. रविवारी तिथे दुकानं बंद, ड्रिल मशीन चालवायची नाही, काचेच्या बाटल्यासुद्धा सार्वजनिक डब्यात टाकायच्या नाहीत, कारण खळखळाट होतो आणि रविवार शांततेचा. माझा पोरगा रविवारी सकाळी बाटल्या टाकायला जातो. खालच्या मजल्यावरच्या आजी खिडकीतून त्याला झापतात. त्याच वेळी चर्चच्या घंटा सुरू होतात, इतक्या जोरात की आजींचं झापणं ऐकूच येत नाही. तो नम्रपणे विचारतो, 'आजी, यांना कोणी सांगायचं?' आजी खिडकी लावून घेतात. दुपारी त्याच्या दारात केकचा तुकडा येतो. या आजी पुढे कादंबरीभर राहतील असं दिसतंय.

मानेवाड्याची आई

मी कधी लिहीत नाही, वाचते फक्त. पण तुमचं वाचून राहवलं नाही. माझी मुलगी तिकडेच आहे, बायोटेक करून राहिली.

तुम्ही सगळे पोराचंच काऊन लिहून राहिले? पोरीही चालल्या ना आता. पोरगा गेला की लोक विचारतात, पॅकेज किती भेटेल. पोरगी गेली की विचारतात, लग्नाचं काय, एकटी राहते का, स्वयंपाक करते का. माझ्या जाऊबाईनं विचारलं, तिथे पोळ्या कोण करतं? मी म्हटलं, कोणीच नाही, तिच्या खोलीतली इराणची पोरगी भात करते आन् ही वरण करते, पोळी बाहेरून आणतात, तुर्की दुकानातून. जाऊबाईच्या जिवाला घोर, म्हणे पोरगी पोळी विकत आणते, कसं होईल हिचं.

हसायचं म्हणाल तर घरीच पाहा. बापानं तिच्या खोलीला कुलूप लावून ठेवलं होतं पहिले दोन महिने, धूळ जाईल म्हणून. मग तिथेच बसून तो व्हिडिओ कॉल करायला लागला, तिच्याच टेबलावरून. मग तिची खुर्ची बारीक आहे म्हणून सुताराकडून नवीन केली. मग म्हणे टेबलही हलतो. आता ती खोली त्याचं ऑफिस झालं, तिचे कपडे दिवाणात गेले. ती सुट्टीत आली तर उभी राहून बघते, 'बाबा, मी झोपू कुठे?' तो म्हणाला, 'बाप्पा, तुझ्यासाठीच तर केलं हे सगळं!' आन् तो खोटं बोलून नाही राहिला, त्याला खरंच तसं वाटते.

कर्जाचं लिहा नक्की. साडेसात लाखाच्या वर गेलं की तारण मागतात बँकवाले. आमच्या प्लॉटचा कागद दिला. तेव्हापासून माझ्या सासूबाई रोज सकाळी पूजा झाली की विचारतात, 'पोरीचा अभ्यास कसा चालू आहे, आपला प्लॉट कसा आहे?' दोन्ही एका दमात. त्या माउलीचं प्लॉटवर प्रेम आहे, पण पोरीवर जास्त. परीक्षेच्या दिवशी नुस्तं पोरीचंच विचारतात, प्लॉटचं नाही.

आन् नागपुरी बोली हसण्यासाठी वापरू नका तेवढी. नाटक-सिनेमात आमच्यासारखं बोलणारा माणूस आला की लोक आधी हसतात, मग ऐकतात. तुमच्या कादंबरीत त्यानं रडावं तर त्यातच रडावं.

जुना रिजनलवाला

मी १९७१ साली विश्वेश्वरय्या रिजनल कॉलेजातून, म्हणजे आताच्या व्हीएनआयटीतून, पदवी घेऊन अमेरिकेला गेलो, ओहायोत. त्या काळी देशाबाहेर पडताना खिशात आठ डॉलर मिळत, बस. विमानतळावरून विद्यापीठात कसं पोचायचं याचा हिशेब नागपुरातच करून ठेवावा लागे. तुमच्या त्या ११,९०४ युरोंबद्दल वाचून मला कुतूहल वाटलं. आम्हाला पैसे नेऊ देत नसत, आता नेल्याशिवाय जाऊ देत नाहीत.

मानेवाड्याच्या ताईंनी फार मोलाचं सांगितलं. मी त्यात एक भर घालतो. आमच्या वेळी निळी एअरोग्राम असत. मी लिहिलेलं पत्र पोचून त्याचं उत्तर हाती यायला महिना सहज जाई. आणि माझं पत्र आमच्या वाड्यात एकटी आई वाचत नसे. आधी वडील मोठ्यानं वाचत, मग शेजारचे वकीलसाहेब येऊन ऐकत, मग ज्यांचा मुलगा पुढच्या वर्षी जाणार होता ते काका नक्कल करून नेत. हे मला माहीत होतं, म्हणून मी पत्र आईला लिहीत असलो तरी वकीलसाहेबांसाठीही लिहीत होतो. 'इथे बर्फ पडला, दृश्य अवर्णनीय.' बुटात पाणी शिरून पाय सुजला होता, ते काही लिहिलं नाही. तिकडून आईही मला लिहीत नव्हती की बाबांना दवाखान्यात ठेवलं आहे. ती लिहायची, 'यंदा संत्री गोड आहेत.' दोन्हीकडून आनंदीआनंद चाललेला, आणि दोघांनाही कळत होतं की समोरचा काहीतरी झाकतो आहे. बहिणीनं ती सगळी पत्रं जपली. आज वाचतो तेव्हा हसू येतं ते याच जागी येतं, आणि घसा दाटतो तोही इथेच.

तुमच्या नायकाला घरचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे, म्हणजे तोच वाडा झाला. ग्रुपवर काय टाकलं आणि खोलीत काय घडलं, हे शेजारी शेजारी ठेवून बघा. वेगळा विनोद करायची गरज पडणार नाही.

बावळटपणाबद्दल मी तुमच्या बाजूचा. माझ्या घरमालकीण एक वृद्ध विधवा बाई होत्या. त्या माझ्या हातानं जेवण्यावर हसायच्या, मी त्यांच्या कुत्र्याला केक कापण्यावर हसायचो, आणि रविवारी आम्ही एकाच टेबलावर बसायचो. त्या गेल्या तेव्हा त्यांच्या मुलानं मला कळवलं, सगळ्यात आधी ज्यांना कळवलं त्यांच्यात मी होतो. अशा माणसांच्या हसण्यात वरखाली काही नसतं.

भाषेचं म्हणाल तर महालातला माणूस एका वाक्यात मराठी, हिंदी आणि इंग्रजी तिन्ही घालतो. ते तसंच येऊ द्या, गाळू नका.

अंबाझरीकर

काका, तुमचं वाचून मी रात्री पुन्हा सगळी प्रकरणं उघडून बसले. ग्रुपवरचे मेसेज मी आत्तापर्यंत मधेमधे सजावटीसारखे टाकत होते. आता प्रत्येक प्रकरणाची सुरुवात ग्रुपवर काय टाकलं त्यानं होईल आणि खाली खरं काय घडलं ते. १.३वाला प्रसंग असा बदलतो आहे: वडील ग्रुपवर फक्त अंगठा टाकतात आणि दुकानात जाऊन पाटीवर जर्मन गुणांचा तक्ता लिहून मालकाला समजावतात. मालकाला पटत नाही, हमालाला मात्र चटकन कळतं, कारण धान्याच्या प्रतवारीतही एक नंबरचा माल सगळ्यात वरचा असतो.

मानेवाड्याच्या आई, तुमच्या मुलीची खोली मला हवी आहे, परवानगी द्याल का? नायक मुलगाच राहील, निम्मी कादंबरी त्याच्यावर उभी आहे. पण ३.७ मिळवणारा पलीकडच्या गल्लीतला मुलगा मी काढते आणि तिथे मुलगी आणते, चांगली हुशार, आणि तिला १.० देते. पेढे वाटणारी आई तशीच राहील, पण आता ती पेढे वाटायला घाबरते, कारण 'एकच मार्क मिळाला का पोरीला' असं जाऊबाई विचारतील. पेढा हातात धरून उभे राहायला वडिलांना मग दुसरं कारण सापडतं: खरं काय ते आता वाड्यात दोघांनाच माहीत आहे, त्यांना आणि तिच्या आईला.

निवेदन नागपुरी करते. तुम्ही म्हणालात ते मनात ठेवूनच.

मानेवाड्याची आई

घ्या ना, घ्या. फक्त बापाला कंजूस दाखवू नका. खुर्चीला त्यानं सागवान वापरलं.

कोलनवासी

ताई, वर्षाचं आधी पक्कं करा, नाहीतर इथले वाचक तुमचे कान धरतील. २०१९चा उन्हाळा हवा असेल तर एपीएसचं प्रकरण काढावं लागेल; भारतीय विद्यार्थ्यांना ते १ नोव्हेंबर २०२२पासून सक्तीचं झालं. ११,९०४ हा आकडाही सप्टेंबर २०२४पासूनचा, त्याआधी रक्कम कमी होती. माझं मत विचाराल तर काळ आत्ताचा ठेवा आणि ४१.२ सोडून द्या. ३८ मध्येही इथले लोक तितकेच हैराण होतात, कांदा तितकाच चालेल.

प्रोफेसर मिनिटाचा उशीर खपवत नाहीत म्हणता, पण बऱ्याच विद्यापीठांत वेळापत्रकावर दहा लिहिलेलं व्याख्यान सव्वादहालाच सुरू होतं, आणि ती पंधरा मिनिटं सगळ्यांना ठाऊक असतात. पोरगा पहिल्या दिवशी पावणेदहाला जाऊन रिकाम्या वर्गात बसू शकतो. आणि व्याख्यान संपलं की टाळ्या नसतात, सगळे बोटांच्या पेरांनी बाकावर ठकठक करतात. तुमच्या फ्लॅटमेटनं टेबलावर ठोकलेलं आईनं ऐकलंय, म्हणजे ग्रुपवर व्याख्यानाचा व्हिडिओ आला की आई काय समजेल ते तुम्हीच ठरवा.

बाटल्यांचं लिहाल तर बाटली परत केल्यावर मिळणाऱ्या अनामतीचे दर नीट घाला: एकदाच वापरायच्या प्लास्टिक बाटलीला नि कॅनला २५ सेंट परत, बिअरच्या काचेच्या बाटलीला ८. रविवारी डब्यात टाकायला नेतो त्या बिनअनामतीच्या असल्या पाहिजेत, लोणच्याच्या नि वाइनच्या. अनामतीची बाटली नागपूरचं पोरगं कचऱ्यात टाकणार नाही.